नेविलचा वाटा

माझ्या आईच्या केकच्या दोन भांड्यांपैकी एकाला बाहेरच्या अंगाने फुगवटा होता, अंगठ्याच्या पेराएवढा. मी सात वर्षांची असताना त्यात परसातले बदाम घालून हातोडीने फोडले होते, त्याची ती खूण. आईने मला पाठीत धपाटा घातला, पण भांडं टाकलं नाही. पुढे दोन्ही भांडी माझ्याकडे आली आणि त्यांच्याबरोबर आईची युक्तीही आली. प्रदर्शनासाठी स्पंज केक करायचा असेल तर बटर पेपरचा तुकडा घडी घालून, ओला करून त्या फुगवट्यात दाबून बसवायचा आणि वरून नेहमीचा कागद लावायचा. केक गुळगुळीत निघतो. परीक्षकाच्या बापालाही काही कळत नाही.

घरच्यासाठी केला तर ही उठाठेव मी करत नसे. मग केकच्या कडेला छोटा उंचवटा यायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी नेविलने तो केक गार व्हायच्या आत मोडून तोंडात टाकला आणि म्हणाला, "हा माझा वाटा." तेव्हापासून अडतीस वर्षं आमच्या घरात त्याला नेविलचा वाटा म्हणतात. आमची केरिन पाच वर्षांची असताना तिने एकदा तो पळवला, तर हा बाबा संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलला नव्हता.

वॉरापिनच्या शेतकी प्रदर्शनात स्पंजचं पहिलं बक्षीस मी सव्वीस वेळा घेतलंय. हे सांगायला मला लाज वाटत नाही. या गावात पुरुष मेंढे घेऊन जातात, बायका केक घेऊन जातात, आणि दुसरं बक्षीस मिळालेल्या माणसाशी त्या आठवड्यात कुणी बोलायला जात नाही.

मग मार्च आला. नेविलने जन्मभर सायलोच्या, म्हणजे धान्याच्या कोठाराच्या, वजनकाट्यावर गव्हाचे ट्रक तोलले, आणि त्याच काट्यापाशी तो एका सकाळी खाली बसला तो उठलाच नाही. हेलिकॉप्टरने मेलबर्नला नेला, हृदयात दोन स्टेंट घातले, अकरा दिवसांनी परत दिला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, मैदा-साखर सोडा, रोज तासभर चाला. त्यांनी दुसरं काही सांगितलं नाही. बाकीचं मला माहीत होतं. नेविलचे वडील चौसष्टाव्या वर्षी गेले. थोरला भाऊ क्लाइव्ह चौसष्टाव्या वर्षी गेला, ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या. आणि येत्या नोव्हेंबरात नेविलला चौसष्टावं लागणार होतं.

मला तो हवा होता. एवढंच साधं होतं.

केरिनने मेलबर्नहून पाककृतींची सदतीस पानांची फाइल पाठवली. पॅलिओ. आदिमानव जे खात नव्हता ते आपणही खायचं नाही. गहू नाही, साखर नाही, दूध-लोणी नाही, डाळी-कडधान्यं नाहीत.

"अगदी सोपं आहे गं आई," ती फोनवर म्हणाली. "मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, बदाम-अक्रोड. बास. सगळं घरात होतं, दहा-वीस मिनिटांत."

"गव्हाच्या गावात राहून गहू खायचा नाही?"

"बाबा हवेत की पाव हवा, ते तू ठरव."

असं विचारल्यावर माणूस काय ठरवणार. मी त्याच दुपारी फडताळं रिकामी केली. मैदा, साखर, ओट्स, पाक, बिस्किटांचे डबे. मग भाजायचं सामान काढलं, कारण ते समोर दिसलं की हात वळणार. परात, चहाबरोबरचे छोटे गोल स्कोन कापायच्या कड्या, आईची दोन भांडी. चर्चच्या बायका जुन्या वस्तूंचं दुकान चालवतात, तिथे देण्यासाठी दोन खोकी भरली.

नेविल दारात उभा राहून बघत होता. "आदिमानव किती वर्षं जगायचा गं?"

"तीस."

"मग मी डबल जगलोय. आता कशाला त्याच्या नादी लागायचं?" त्याने खोक्यात डोकावून पाहिलं. "ही भांडी पण?"

"ती पण."

"नंतर रडशील, ग्लेनिस."

"तू मेलास तर जास्त रडेन."

तो खोकी गाडीत घालून घेऊन गेला.

सोपं होतं, केरिन खोटं बोलली नव्हती. फ्लॉवर किसायचा आणि गरम तव्यावर दोन मिनिटं परतायचा, की झाला भात. पहिल्यांदा मी सवयीने झाकण ठेवलं आणि बाळाची पेज झाली. नेविलने ती चमच्याने खाल्ली आणि बिब मागितला. एक केळं आणि दोन अंडी कुसकरून तव्यावर घातली की धिरडं. झुकिनीच्या सालकाढ्याने लांब पट्ट्या काढायच्या आणि त्यांना शेवया म्हणायचं. कांगारूचा खिमा, कांदा, अंडं, चवीला मीठ, त्याच्या टिक्क्या तव्यावर भाजायच्या आणि ब्रेडऐवजी लेट्यूसच्या पानात गुंडाळायच्या. हाडं व्हिनेगर घालून बारा तास उकळायची, तेव्हा शेजारचा कुत्रा कुंपणाला नाक लावून बसायचा. बदामाच्या पिठाचा पावही मी केला. त्या विटेला पाव म्हणायचं म्हणजे धाडस होतं, पण आम्ही म्हटलं.

मी एकही घास बाहेरचा खाल्ला नाही. त्याला वर्ज्य ते मलाही वर्ज्य, असं मी ठरवलं होतं. ताटात दोन वेगळी जेवणं असली की माणसाला आपण रोगी असल्याची आठवण होते. मंगळवारी हॉलमध्ये बायकांची बैठक असायची. सगळ्याजणी चॉकलेट-खोबऱ्यात घोळलेले केकचे चौकोन खायच्या आणि मी बिनदुधाचा चहा घेऊन बसायचे. मांसाने पोट भरायचं, पण भूक जात नसे. रात्री झोपताना मला भाजलेल्या पावाचा वास यायचा. सकाळी उठून मी पुन्हा फ्लॉवर किसायला घ्यायचे.

दर रविवारी न्हाणीघरातल्या काट्यावर दोघं उभे राहायचो. मी उतरत गेले, तीन किलो, सहा किलो, ऑक्टोबरपर्यंत अकरा. अंगठी सैल झाली म्हणून मधल्या बोटात घातली. नेविल दोन किलो उतरला आणि जूनमध्ये ते दोन्ही परत आले.

"काटा बिघडलाय," तो म्हणायचा. "मला काट्यांतलं कळतं."

मी काट्याला दोष दिला नाही, स्वतःला दिला. त्याच्या ताटातले बदाम कमी केले, रताळं बंद केलं. आणि जेवताना त्याच्याकडे लक्ष ठेवायला लागले. किती घेतो, कसा चावतो, धाप लागते का, ओठांचा रंग बदलतो का. डोळ्यांत तेल घालून बघायचे.

त्याचं एक मात्र चांगलं चाललं होतं. दुपारी तीनच्या ठोक्याला टोपी घालून तो चालायला निघायचा. टेनिस कोर्टापर्यंत जायचं आणि परत. मी खिडकीतून तो वळणापलीकडे जाईपर्यंत बघायचे. साडेचारला परत यायचा, गाल लाल, मूड छान. मला वाटायचं, चला, निदान चालणं तरी मानवतंय.

या वर्षी मी प्रदर्शनात केक ठेवला नाही. ठेवायचा म्हणजे घरात भाजायचा, आणि तो वास नेविलच्या नाकात जाणार. पहिल्या बक्षिसाची सत्ताविसावी निळी फीत की नेविल, हा काही प्रश्न नव्हता. तरी फॉर्म भरायची तारीख उलटून गेली त्या दिवशी मी परसात जाऊन उगाच तण उपटत बसले. समितीच्या बायकांना माझी दया आली असावी. त्यांनी मला परीक्षकांची मदतनीस केलं. म्हणजे ताटल्या पुढे सरकवायच्या, सुरी पुसून द्यायची, तोंड बंद ठेवायचं आणि काही चाखायचं नाही.

स्पंजच्या गटाचे नियम इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. दोन थर, मध्ये जॅम, वर काहीही नाही. केक गार करायच्या जाळीच्या खुणा उमटलेल्या चालत नाहीत. ताटलीला फक्त नंबर, नाव दुमडलेल्या चिठ्ठीत. त्या दिवशी सहा ताटल्या होत्या. परीक्षक बाई पलीकडच्या गावातून आल्या होत्या, पट्टी घेऊन उंची मोजणाऱ्यांपैकी.

चौथी ताटली मी पुढे सरकवली आणि माझा हात तिथेच राहिला. खालच्या थराच्या कडेला उंचवटा होता, अंगठ्याच्या पेराएवढा.

"काय हो, हे काय?" बाई वाकल्या. "फोड आलाय का याला?"

मदतनिसाने बोलायचं नसतं. मी सुरी पुसून पुढे केली.

बाईंनी कापला, हुंगला, एक तुकडा खाल्ला आणि आणखी एक घेतला. "बदकाची अंडी आहेत यात. सुंदर आहे. सगळ्यांत चांगला हाच. पण भांडं सदोष. पहिला नाही देता येणार." त्यांनी ताटलीवर दुसऱ्या बक्षिसाची लाल फीत ठेवली, आणि मी चिठ्ठी उघडली. ट्रूडी नोस्के.

ट्रूडीला मी तीस वर्षं ओळखते. नवरा गेल्यापासून एकटीच राहते आणि आठवड्यातून दोन दिवस चर्चच्या त्या दुकानात बसते. मी मनाशी म्हटलं, दुकानात आलेली भांडी तिने घेतली असतील, त्यात काय. टाकून दिलेल्या वस्तूवर आपला हक्क राहत नाही. पण ट्रूडीचा केक सगळ्या गावाला माहीत होता. चहात बुडवल्याशिवाय गिळता येत नसे. तिला बदकाची अंडी कुणी सांगितली? हा प्रश्न मनात आला होता. मी तो बाजूला सारला. आणखी एक गोष्ट मला तेव्हा आठवायला हवी होती. ट्रूडीचं घर टेनिस कोर्टाला लागून आहे.

चार वाजता ज्याचे त्याने पदार्थ घरी न्यायचे असतात. मी ताटल्या परत देत होते. नेविल मला घ्यायला आला होता. माझ्या शेजारी उभा राहून तो कुत्र्यांच्या स्पर्धेबद्दल सांगत होता, कुणाचा कुत्रा मेंढ्यांऐवजी पंचांनाच वळवून घेऊन गेला वगैरे. तेवढ्यात ट्रूडी आली.

"ग्लेनिस, दुसरं आलं की गं. आयुष्यात पहिल्यांदा."

"चांगला झालाय," मी म्हटलं आणि ताटली तिच्याकडे सरकवली.

नेविल बोलता बोलता थांबला नाही. त्याचा हात पुढे आला, त्याने तो उंचवटा मोडला आणि तोंडात टाकला. "आणि मग तो पंच म्हणतो..." एवढं म्हणून तो थांबला. तोंडातला घास तोंडात राहिला.

ट्रूडी हसली. "अगं, याची ही सवय. केक ठेवायची खोटी, आधी हेच मोडणार. म्हणे, हा माझा वाटा."

"नेहमी?" मी विचारलं.

"स्पंज मी सोमवार-गुरुवारीच करते. बाकीच्या दिवशी स्कोन नाहीतर..." मग तिने माझा चेहरा पाहिला. "तुला माहितीय ना गं? नेविल म्हणाला, ग्लेनिसला सांगितलंय. म्हणाला, दुपारची एवढी सूट तिने दिलीय."

आजूबाजूला आठ-दहा बायका ताटल्या गोळा करत होत्या. सगळ्यांचे हात मंदावले होते.

"माहितीय," मी म्हटलं. "मीच दिलीय."

गाडी मी चालवली. रेल्वे फाटक ओलांडल्यावर मी विचारलं,

"कधीपासून?"

"एप्रिल."

"म्हणजे खोकी नेऊन दिलीस तेव्हापासून."

"तिने ती भांडी बाहेर काढली. म्हणाली, यात काय करतात? मी म्हटलं, स्पंज. मग तिने केला. वाईट झाला होता, ग्लेनिस. पायताणासारखा. मग मी सांगितलं, तू कसा करतेस ते. बदकाची अंडी, भांडं ओव्हनमध्ये घालायच्या आधी एकदा टेबलावर आपटायचं, तेवढंच." तो खिडकीबाहेर बघत होता. "केक आहे गं. नुसता केक. दुसरं काही नाही, देवाशपथ."

दुसरं काही नव्हतं हे मला माहीत होतं. असतं तर बरं झालं असतं. मग मला हॉलमध्ये जाऊन सांगता आलं असतं, बायकांनी हात धरला असता, कुणीतरी रडलंही असतं. आता मी काय सांगू? माझ्या नवऱ्याने केक खाल्ला?

"मी अकरा किलो उतरले, नेविल."

"तुला छान दिसतं."

मी गाडी कडेला घेतली. दोन्ही बाजूंना गहू उभा होता, कापणीला आलेला. "मला छान दिसायचं नव्हतं. मला भूक लागायची. सात महिने, रोज, तुझ्यासमोर बसून. आणि तू पोट भरून यायचास आणि माझ्या हातचा फ्लॉवर गोड मानून खायचास. एकदा तरी सांगावंसं वाटलं नाही?"

"वाटलं. पण तू इतकं मन लावून करत होतीस. सांगितलं असतं तर मोडून पडली असतीस."

"माझ्यासाठी गप्प बसलास म्हणजे."

त्याने काच खाली केली, पुन्हा वर केली. मग बोलला तो एकदम बोलला. "खरं सांगू? घरी मी घास उचलला की तू बघतेस. गिळला का, अडकला का, मेला का. सकाळ-संध्याकाळ तुझ्या डोळ्यांत चौसष्ट लिहिलेलं असतं. क्लाइव्हच्या मयताला बसल्यासारखं मी माझ्याच टेबलावर बसतो. ट्रूडीकडे कुणी बघत नाही माझ्याकडे. ती केक ठेवते आणि पेपर वाचते. तेवढाच तास मी जिवंत असतो."

ते खरं होतं. मी बघत होते. पण मी का बघत होते हे त्यालाही माहीत होतं, आणि ते माहीत असून तो रोज तीन वाजता टोपी घालून निघत होता, मी खिडकीत उभी असताना. वळणावर पोचला की मागे वळून हातसुद्धा करायचा. मला तो हात आठवला आणि इतका संताप आला की गाडीचं स्टिअरिंग सोडवेना.

सोमवारी सकाळी मी ट्रूडीकडे गेले. तिने दार उघडलं तेव्हा पिशवी हातातच होती, भांडी घासून पुसून आत ठेवलेली. "मला खरंच वाटलं होतं गं तुला माहितीय," ती म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "आता तो यायचा नाही, हो ना?"

"ते त्याला विचार," मी म्हटलं. तिच्यावर मला राग नव्हता. "स्पंज चांगला झाला होता. ओव्हन जरा कमी ठेव."

परत येताना मी मैदा, साखर, लोणी, दूध आणि एक पांढरा पाव घेतला. बदकाची अंडी शेजारच्यांनी दिली. पावाचे दोन तुकडे मी ओट्यापाशी उभ्यानेच लोणी लावून खाल्ले. सात महिने ज्याची स्वप्नं पडली तो हा पाव, आणि त्याला पावाचीच चव होती.

मग कामाला लागले. अंडी फेटली, मैदा तीनदा चाळला. भांड्यांना लोणी लावलं. फुगवट्याचं भांडं हातात घेऊन मी थोडा वेळ उभी राहिले. मग बटर पेपरचा तुकडा कापला, घडी घातली, नळाखाली ओला केला आणि फुगवट्यात दाबून बसवला. वरून नेहमीचा कागद लावला. मिश्रण ओतून भांडी टेबलावर एकदा आपटली आणि ओव्हनमध्ये सरकवली.

तीनला पाच मिनिटं कमी असताना नेविल टोपी हातात घेऊन स्वयंपाकघरात आला. बूट घातलेले होते, पण जावं की नाही ते त्याला ठरवता येत नव्हतं. त्याने वास घेतला आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"ग्लेनिस," तो म्हणाला. "तू केलास?"

"बस."

तो बसला. टोपी मांडीवर ठेवली. मी दोन कप चहा केला, दूध घालून. केकच्या थरांमध्ये जॅम लावला, अख्खा केक ताटलीत त्याच्यासमोर ठेवला आणि सुरी दिली. माझ्या खुर्चीत बसून मी पेपर उघडला. वरच्या कोपऱ्यात तारीख होती, एकतीस ऑक्टोबर.

ताटली टेबलावर फिरल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. तो एक पूर्ण फेरी फिरवून कड बघत होता, मग उलट्या बाजूने.

"माझा वाटा कुठाय?" त्याने विचारलं.

मी पान उलटलं.

"ग्लेनिस?"

"खा," मी पेपरमागूनच म्हटलं. "कुणी बघत नाहीये."